गळ्यावरचा हात

डॉक्टरबाईंनी माझी फाईल उघडली, शेवटपर्यंत पानं उलटली आणि मिटून परत माझ्याकडे सरकवली. फाईलमध्ये दोन सोनोग्राफी होत्या, एक एन्डोस्कोपी, एक एमआरआय, चार वेळा केलेली थायरॉइडची रक्ततपासणी आणि तीन निरनिराळ्या लॅबमधले सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजदाद. सगळं नॉर्मल.

"तुम्हाला आजार आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो खरा आहे. त्याला इलनेस अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात."

मग त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. आपल्याला काहीतरी मोठं झालंय ही भीतीच इथे आजार असते. शरीरात दिवसभर शंभर बारीकसारीक गोष्टी होत असतात, इतरांचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही, माझं जातं. लक्ष गेलं की भीती वाटते, भीती वाटली की छाती धडधडते, घसा आवळतो, आणि मग तेही नवं लक्षण म्हणून मी मोबाईलवर शोधायला घेते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी वाटलं, या बाईंनाही माझी गाठ सापडली नाही. दुसरा विचार आला तो असा, की हे नाव लिहून घ्यावं आणि बाहेर गेल्यावर सर्च करावं. इतकं झाल्यावरसुद्धा.

तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल आणि वाचता वाचता एक हात मानेवर नाहीतर काखेत गेला असेल, तर मी हे तुमच्यासाठी लिहितेय. हात खाली घ्या. मीही आत्ताच घेतलाय.

मी शेहेचाळीस वर्षांची आहे. माहेर गिरगावचं, सासर परळच्या भोईवाड्यातल्या चाळीत. दादरला एका मॅचिंग सेंटरमध्ये अठरा वर्षं काम करते. बायका साडी घेऊन येतात, त्यावर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून द्यायचा, हे माझं काम. एका मोरपंखी रंगाच्या आमच्याकडे नऊ छटा आहेत आणि मी न बघता हात घालून बरोबर तागा ओढते. जुळतंय की नाही, हे बघण्यातच माझा जन्म गेला म्हणायला हरकत नाही. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

आमच्या घराचं दुसरं एक काम आहे, ते कोणी नेमून दिलेलं नाही. माझ्या सासऱ्यांचं गाव देवगडकडचं. घरापासून चालत दहा मिनिटांवर परळची मोठी हॉस्पिटलं. त्यामुळे गावात कोणाला जड काही झालं की तो पेशंट परळ डेपोला एसटीतून उतरतो आणि पिशवी घेऊन सरळ आमच्या दारात येतो. गिरणगावातल्या पुष्कळ घरांचं असंच आहे. सासरे गिरणीत होते तेव्हापासून हे चालू आहे. खोली दहा बाय बारा, पण पेशंटला खाट आणि आम्हाला सतरंजी हा नियम ठरलेला.

केस पेपर कुठे काढायचा, कोणती लाईन खोटी आणि कोणती खरी, रक्त कुठल्या खिडकीवर द्यायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. मी त्यांना आई म्हणायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पेशंट घेऊन गेले तेव्हा मी त्या माणसाच्या पायाची जखम बघून तोंड वाकडं केलं होतं. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "पेशंट रिपोर्ट वाचूक जाणा नाय. तो आपला तोंड वाचता."

रिपोर्ट हातात घेण्याआधी त्या पेशंटला गेटासमोरच्या टपरीवर न्यायच्या. "काय नाय. आधी चाय पिवया, मगे बघूया." तिथे आजाराचा विषय काढायचा नाही. आंबा कसा आहे, घर शाकारलं का, देवळाच्या जत्रेला कोण आलं होतं, एवढंच. चहा संपला की आत. आई थकत गेल्या तसं हे सगळं माझ्याकडे आलं. गावात मला नावाने कोणी ओळखत नाही. भोईवाड्याची वयनी, एवढंच. पेशंटला घेऊन आलेली माणसं डॉक्टरांचं ऐकून घेतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की ती सही करतात.

आता आईंचं सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी त्यांचं पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला, मग हिंगाचं पाणी, मग गॅसची गोळी. अर्ध्या गावाला मी वेळेवर हॉस्पिटलात पोचवलं होतं आणि माझ्याच घरातल्या बाईला तीन महिने ओवा चारत होते. पोटात फुगवटा दिसायला लागला तेव्हा नेलं. डॉक्टर तरुण होते. "थोडं आधी आणलं असतंत तर," एवढंच म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. आई दोन महिन्यांत गेल्या. ते अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलं.

माझं दुखणं सुरू झालं ते गेल्या वर्षी गणपतीनंतर. दुकानात डबा खाताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. पाणी प्यायले, गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही होतं. जेवताना नसायचं, थुंकी गिळताना असायचं. दुकानाच्या पोटमाळ्यावर तागे काढायला गेले होते, तिथेच एका गठ्ठ्यावर बसून मोबाईलवर टाकलं, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणे कारणे.

तिथून पुढे मी तेच केलं जे मी रोज करते. जुळवून बघितलं. गिळताना त्रास, जुळतं. आवाज बसणे, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बसलेलाच असतो, जुळतं. वजन कमी होणे, त्या महिन्यात साडी सैल वाटत होती. थकवा. थकवा कोणाला नसतो? पण मी तोही धरला. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि मी वर अन्ननलिकेच्या कॅन्सरपर्यंत पोचले होते. त्या दिवशी एका बाईंना राणी रंगावर लाल अस्तर दिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातचं कापड परत आलं.

परळला दाखवायला जायची सोय नव्हती. तिथल्या आया, वॉर्डबॉय, रक्ताच्या खिडकीवरचे दादा, सगळे मला ओळखतात. गावभर झालं असतं. म्हणून मी माहेरच्या जुन्या डॉक्टरांकडे गिरगावला गेले. त्यांनी घसा बघितला आणि म्हणाले, याला ग्लोबस म्हणतात. घशात काही नसतं, पण स्नायू आवळले जाऊन गोळा असल्यासारखं वाटतं. काळजीने होतं, जाईल.

काळजीने होतं म्हणजे लक्ष देत नाहीयेत, असं मी समजले. थायरॉइड केलं, नॉर्मल. मानेची सोनोग्राफी केली, नॉर्मल. अकरा दिवस मी सुखात होते. बाराव्या दिवशी वाटलं, सोनोग्राफीत अन्ननलिका कुठे दिसते? मग दुसऱ्या डॉक्टरांकडून एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघणं. पोटभर ओकाऱ्या काढून नॉर्मलचा कागद मिळाला. तो सहा दिवस पुरला. मग पिंडरी आपोआप फडफडायला लागली. शोधलं तर मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी होतात तो. त्यासाठी एमआरआय. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तो सेंटरचा जिना उतरेपर्यंत पुरला. खाली फूटपाथवर आले आणि वाटलं, हा रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा असला तर?

हे असं असतं. ज्यांना झालं नाही त्यांना हसू येईल. मलाही येतं कधीकधी. पण तेव्हा मी इतकी थकले होते की भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून बसून राहायचे. चाळीतल्या सार्वजनिक संडासात मी मोबाईल घेऊन बसायचे, कारण तिथे कोणी विचारत नाही. बाहेरून कडी वाजायची आणि मी आत बसून कुठल्या परदेशातल्या बाईने आपल्या पिंडरीबद्दल काय लिहिलंय ते वाचत असायचे. शेजारच्या काकूंनी शेवटी विजयला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की हिला मूळव्याध झाली असेल, सुरणाची भाजी खाऊ घाल. तो दोन आठवडे सुरण आणत होता. मी खात होते.

हात गळ्यावर कधी जायला लागला ते आठवत नाही. बोलताना, बसची वाट बघताना, गिऱ्हाइकाला कापड दाखवताना. चार बोटं गळ्याच्या खाचेत आणि अंगठा जबड्याखाली. मुलगी मुग्धा कॉलेजला आहे. ती समोर आली की फक्त माझा हात धरून खाली करायची.

अशात फेब्रुवारीत सविता आली. विजयची चुलत बहीण, एक्केचाळीस वर्षांची, मुलगा दहावीला. तिच्या गळ्याला पुढे सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती. कणकवलीच्या डॉक्टरांनी परळला दाखवायला सांगितलं होतं. नेहमीसारखी पिशवी, पिशवीत आमसुलं, आणि नेहमीसारखी ती खाटेवर, आम्ही खाली.

ओपीडीत डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि एफएनएसी लिहून दिली. गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ती तपासणी. तीन दिवसांनंतरची तारीख मिळाली. आजवर मी अशा किती सुया बघितल्यात त्याची गणती नाही. पण या वेळी सविता रक्त द्यायला आत गेलेली असताना मी बाकावर बसून शोधत होते. थायरॉइडची गाठ. बाईचं वय. न दुखणारी. कडक. एकेक लक्षण जुळत गेलं. शेवटी तर तिची गाठ वाचतेय की माझी, तेच कळेना.

त्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसले होते. तिने विचारलं, "वयनी, तू सांग. माका काय झाला हा?"

वीस वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते. तेवढंच तर माझं काम होतं. काय नाय, आधी चहा पिऊ. या वेळी ते म्हणायच्या आधीच डोळे भरून आले. हात आपसूक गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. सविताने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं. नंतर ताट पुढे ओढून तांदूळ निवडायला लागली. मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुतलं.

सकाळी मी दुकानात गेले, विजय कामावर गेला. दुपारी मुग्धा कॉलेजातून आली तेव्हा खाट रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली. उशीखाली केस पेपरची फाईल होती. शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवला होता, मुलाची दहावी आहे, मी जाते, वयनीला सांगा त्रास नको. ती परळ डेपोवरून एसटी पकडून गेली होती.

तिच्या नवऱ्याचा दोन दिवसांनी फोन आला. रागावला नव्हता, तेच वाईट होतं. म्हणाला, सविता सांगते की वयनी काही बोलली नाही पण तिचं तोंड बघून कळलं, आता टोचून काय उपयोग. पोराची परीक्षा तरी नीट होऊ दे. त्याने आणि गावातल्या जाणत्यांनीही ते मानलं होतं. भोईवाड्याची वयनी रडली म्हणजे संपलं. कोणीही तिला परत जा म्हणेना.

विजयने फोन ठेवला आणि त्यावर पहिल्यांदाच बोलला. "तू डॉक्टर नाहीस, हे गावाला मी कसं सांगू?"

मी काय केलं असेल? मला धडधडायला लागलं म्हणून मी धडधडीचं शोधलं. मग इसीजी काढायला गिरगावला गेले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी बघितली, माझी जाडजूड फाईल बघितली आणि मशीनची वायर गुंडाळून ठेवून दिली. म्हणाले, "आज मी तुझा इसीजी काढला तर मी तुझं नुकसान करीन." एका कागदावर परळच्या मानसोपचार विभागाच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि दारापर्यंत सोडायला आले. लहानपणी इंजेक्शन दिल्यावर यायचे तसे.

चिठ्ठी आठ दिवस पर्समध्ये होती. तो विभाग मला माहीत होता, लांबून. तिथे मी कधी कोणाला नेलं नव्हतं. गावात तसं काही झालं तर परळला आणत नाहीत, देवाला नेतात. नवव्या दिवशी गेले. केस पेपरच्या खिडकीवर नेहमीच्या आयाबाई होत्या. म्हणाल्या, "आज कोणाला आणलंस गं?"

"मलाच," मी म्हटलं.

त्यांनी बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला बाकावर जागा करून दिली. तिथे बसलेली माणसं माझ्यासारखीच होती. एक बँकेतल्या वाटाव्यात अशा बाई, एक कॉलेजचा मुलगा, एक आजोबा डबा खात होते. कोणी ओरडत नव्हतं.

तो हा दिवस, ज्याने मी सुरुवात केली. फाईल मिटल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, या सगळ्यात तुमचं सर्वांत मोठं नुकसान काय झालं? मला वाटलं, मी झोप, भूक, दुकान असं काहीतरी सांगेन. मी सविताचं सांगितलं. आईंचंही सांगितलं. ओव्यापर्यंत आले आणि इतकी रडले की बाहेरच्या आयाबाई पाणी घेऊन आल्या. खरं सांगायचं तर आई गेल्या तेव्हा मी रडलेच नव्हते. पेशंट येत होते, वेळ कुठे होता.

डॉक्टरबाईंनी माझं रडणं थांबू दिलं. मग उपचार सांगितले. रोज सकाळी एक छोटी गोळी, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आणि दर गुरुवारी सीबीटी, म्हणजे बोलून आणि सराव करून विचारांची सवय मोडायची. पहिला सराव ऐकायला सोपा होता. शोधावंसं वाटलं की लगेच शोधायचं नाही. अर्धा तास थांबायचं. गळा चाचपायचा नाही. नवी तपासणी त्यांना विचारल्याशिवाय नाही.

निघताना मी विचारलं, सविताला काय सांगू?

"तुम्ही काय सांगणार होतात?"

"काही झालेलं नाही म्हणून सांगेन."

"ते तुम्हाला माहीत आहे का?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच सांगा.

मला माहीत असलेली गोष्ट एकच होती आणि ती आत्ताच कळली होती. ती सांगायची म्हणजे गावाला सांगायची. गावात फोन स्पीकरवर असतो. सासू, दीर, शेजारची, सगळी पडवीत बसून ऐकतात. विजयने दोन दिवस फोनला हात लावला नाही. भोईवाड्याची वयनी वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते, हे एकदा पसरलं की मुग्धाच्या लग्नापर्यंत पुरेल, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. रविवारी सकाळी त्यानेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "सविता, मला आजार आहे. उगाच भीती वाटण्याचा. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे माझी केस काढलीय, गोळी चालू आहे. त्या दिवशी माझ्या तोंडावर तुला जे दिसलं ना, ते माझं होतं. तुझ्या रिपोर्टमधलं नव्हतं. तुझा रिपोर्ट अजून झालेलाच नाहीये."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. कोणीतरी भांडं ठेवलं.

"मगे तू रडलंस कित्याक?"

"मला आई आठवल्या. आणि मी घाबरले. माझ्यासाठीच घाबरले."

मग ती म्हणाली, "मगे माका काय झाला हा?"

"मला माहीत नाही. सुई टोचेपर्यंत डॉक्टरांनाही माहीत नाही. वाईट निघू शकतं, साधं पण निघू शकतं. पण टोचायला हवं."

"तू येतलंस माझ्यावांगडा?"

"येणार. आतपर्यंत येणार."

मुलाचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशीच ती एसटीतून उतरली. दीड महिना गेला होता मध्ये. सराव सुरू झाल्यापासून किती अर्धे तास मी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवून काढले ते मलाच माहीत. चार वेळा डबा उघडला. गुरुवारी कबूल केलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, पूर्वी असतं तर चाळीस वेळा उघडला असतात.

सुई टोचली तेव्हा मी सविताचा हात धरून आत उभी होते. रिपोर्टच्या दिवशी मी तिला आधी टपरीवर नेलं. मुलाचे पेपर कसे गेले, आंबा यंदा किती, असं बोललो. हात मी चहाच्या ग्लासाला धरून ठेवले होते.

रिपोर्टमध्ये पॅपिलरी कार्सिनोमा आला. थायरॉइडचा कॅन्सर, सावकाश वाढणारा, ऑपरेशनने बहुतेक वेळा बरा होणारा. मोबाईलने पहिल्याच पानावर हेच दाखवलं होतं. म्हणजे मी जुळवलं होतं ते बरोबर होतं, असं क्षणभर मनात आलं, आणि त्या विचाराची मला किळस आली. दुकानात बायका कापड घेऊन बाहेर फूटपाथवर जातात, ट्यूबच्या उजेडात रंग जुळला तरी दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय घेत नाहीत. मीच त्यांना तसं सांगते. आणि सविताला मात्र मी उजेडात नेलंच नव्हतं.

सर्जन वयस्कर होते. त्यांनी सविताला चित्र काढून दाखवलं, काय काढणार, नंतर रोज कोणती गोळी घ्यावी लागेल. मी न राहवून विचारलं, दीड महिना उशीर झाला, माझ्यामुळे झाला, त्याने काही?

"या प्रकारात एवढ्याने फरक पडत नाही. वर्षभर घरी बसली असती तर वेगळं होतं," ते म्हणाले आणि कागदावर तारीख लिहिली. "वेळेवर आणलंत."

सविताने माझ्याकडे बघितलं. मी तोंड लपवलं नाही. मला रडू आलं होतं आणि ते कशाचं होतं हे तिला सांगायला मला लाज वाटली नाही. पाच वर्षं एक अर्धं वाक्य घेऊन फिरत होते, मी तिला म्हटलं, आज कोणीतरी दुसरं वाक्य दिलं.

ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं. साडेचार तास मी बाहेर बसले होते, मोबाईल विजयच्या खिशात. सगळी थायरॉइड ग्रंथी काढली. आठ दिवस तिचा आवाज घोगरा होता, मग सुधारला. मुलगा पास झाला. गावात माझ्याबद्दल बोलणं झालंच. एक पेशंट डेपोवरून परस्पर दुसरीकडे उतरला, कोणाच्या घरी ते नंतर कळलं. वाईट वाटलं. पण मे महिन्यात गावाकडून एका बाईचा फोन आला, हळू आवाजात, स्पीकर बंद करून. विचारत होती, तुम्ही जिथे जाता तिथे केस पेपर कुठल्या खिडकीवर काढतात?

मी बरी झाले का? पूर्ण नाही. घशातला गोळा अजून येतो, पावसाळी हवेत जास्त. गोळी चालू आहे, गुरुवार आता महिन्यातून एकदा. मागच्या महिन्यात एकदा पोटमाळ्यावर बसून मी पायाच्या मुंग्यांचं शोधलं, सात मिनिटं, आणि बंद केलं. थकवाही आहे. पण हा कामाचा थकवा आहे, हे आता ओळखता येतं. तुम्हाला हा त्रास असेल तर एवढंच सांगेन, तुम्ही नाटकं करत नाही आहात, आणि आणखी एका तपासणीने तुमचं भागणार नाही. एकदा त्या विभागाच्या बाकावर जाऊन बसा. तिथे जागा करून देतात.

परवा सविता तपासणीला आली होती. ओपीडीत नेहमीसारखी गर्दी, आमचा नंबर बावन्नावा. तिच्या गळ्यावर आडवा वण आहे, माळ घातल्यासारखा, आणि ती तो पदराने झाकत नाही. तिच्या रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. मी समोरच्या बोर्डाकडे बघत होते आणि माझ्या लक्षातही आलं नाही की माझी चार बोटं गळ्याच्या खाचेत गेलीयत.

तिने बघितलं. माझा हात धरला, खाली आणला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.

"काय नाय गो वयनी," ती म्हणाली. "चल. आधी चाय पिवया."

आम्ही उठलो आणि चहाला गेलो.